माथेफिरू

२५ जानेवारी २०१२ ला सकाळी आईचा फोन आला. मी तेव्हा कोथरूडला एका मित्राबरोबर वन आरकेमध्ये राहायचो, आंघोळ व्हायची होती, आणि आई सकाळी कधी फोन करत नाही कारण ती तिची भाकरीची वेळ. तिनं एवढंच विचारलं, टीव्ही बघतोयस का? आमच्या खोलीवर टीव्ही नव्हता. मग म्हणाली, "पुण्यात कोण एसटीचा ड्रायव्हर गाडी घेऊन माणसं चिरडत सुटलाय. स्वारगेटवरनं. नाव सांगेनात."

आणि गप्प बसली.

माझा मामा एसटीत ड्रायव्हर होता. सातारा जिल्ह्यातल्या एका डेपोला, आठवड्यातून चारदा तरी स्वारगेटची ड्युटी. मला वाटलं आईला भीती वाटतीय की मामा त्या गाडीखाली आला की काय. मी म्हटलं, "अगं मामा रस्त्यावर कशाला असेल, तो गाडीत असतो ना."

ती म्हणाली, "तेच म्हणते मी."

हे कळायला मला दोन-तीन सेकंद लागले असतील. पुढची वीस-पंचवीस मिनिटं मी मामाला फोन लावत होतो, आई लावत होती, दोघांचे फोन एकमेकांना बिझी लागत होते, आणि मामाचा स्विच ऑफ. तसा तो नेहमीच असायचा, स्टेअरिंगवर बसला की फोन बंद करून पिशवीत, ही त्याची शिस्त. पण त्या दिवशी त्या स्विच ऑफचा अर्थ काय लावायचा?

शेवटी आईचाच लागला. मामा वाईच्या स्टँडवर चहा पीत होता. आई त्याला काय म्हणाली असेल? म्हणाली, "अण्णा, तिळाचे लाडू राहिलेत तुझे, कधी येतोयस?" संक्रांत होऊन दहा दिवस झाले होते. मामा म्हणाला बघू, रविवारी सुट्टी मिळाली तर. फोन ठेवला. मग आईनं मला फोन केला आणि ती रडली.

दुपारपर्यंत नाव आलंच सगळीकडं. संतोष माने, स्वारगेट डेपोचा ड्रायव्हर, मूळचा सोलापूर जिल्ह्यातला. डेपोतली एक बस घेऊन बाहेर पडला आणि शंकरशेठ रोड, गोळीबार मैदान, कॅम्प असं करत, उलट्या दिशेनं, समोर येईल त्याला उडवत गेला. नऊ माणसं गेली, पस्तीसहून जास्त जखमी, गाड्यांचा तर चक्काचूर. पोलिसांनी गोळ्या झाडल्या तरी बस थांबेना. शेवटी निलायम थिएटरजवळ एका तरुण पोरानं बसमध्ये चढून त्याला आवरलं, तेव्हा कुठं थांबली.

दुसऱ्या दिवशीपासून एकच शब्द सगळ्यांच्या तोंडी. माथेफिरू. माथेफिरू ड्रायव्हर, माथेफिरूचा थरार, माथेफिरूला फाशी द्या. हा आपला फार सोयीचा शब्द आहे. मराठी पेपरात कुणी एकतर्फी प्रेमातून कोयता चालवला तरी माथेफिरू, कुणी रात्री रांगेनं गाड्या जाळल्या तरी माथेफिरू. माथं फिरलं. कालपर्यंत सरळ होतं, आज फिरलं, पंखा फिरतो तसं. कुणी कधी विचारत नाही की किती दिवस फिरत होतं.

मला मात्र त्या वीस मिनिटांनी हा प्रश्न चिकटला तो चिकटलाच. कारण आईनं ती शंका घेतली होती आणि मी तिला वेड्यात काढलं नव्हतं. आम्हा दोघांनाही ते शक्य वाटलं. का वाटलं, ते सांगतो.

मामी २०११ च्या श्रावणात गेली. काविळीचं निमित्त, गावठी औषध केलं, दवाखान्यात न्यायला उशीर झाला. त्यानंतर मामा बोलायचा बंद झाला. म्हणजे कामापुरतं बोलायचा, पण घरात आला की ओसरीवर भिंतीला पाठ लावून बसून राहायचा. रात्री झोप नाही, पहाटे तीनला उठून अंगणात फेऱ्या. एकदा पोरानं टीव्हीचा आवाज मोठा केला म्हणून भरलेलं ताट भिरकावलं. हा माणूस आयुष्यात कुणावर ओरडलेला नाही. आणि दिवाळीत, भाऊबीजेला आमच्याकडं आला होता तेव्हा, जेवताना मधेच म्हणाला, "एखांद्या दिवशी वाटतं बघ, खंबाटकीच्या वळणाला स्टेरिंग फिरवूच नये."

पुण्याहून साताऱ्याला येताना तेव्हा खंबाटकीचा घाट चढावा लागायचा, जाताना बोगदा होता. म्हणजे मामा परतीच्या गाडीबद्दल बोलत होता. भरलेल्या. आईनं त्याच्या पानात भात वाढला, वर तूप वाढलं, आणि विषय बदलला. पण ते वाक्य तिनं ठेवून दिलं होतं कुठंतरी, ते २५ जानेवारीला बाहेर आलं.

तर मी वाचत सुटलो. मी काही क्रिमिनॉलॉजीचा माणूस नाही, अकाउंट्सचा आहे, पण गेली बारा-तेरा वर्षं या विषयावर जे हाताला लागेल ते वाचतो. बायको म्हणते तुझी हिस्ट्री कुणी पाहिली तर पोलिसात देतील. असो.

पहिल्यांदा कळलं ते हे की या क्षेत्रातली माणसं शब्दांच्या बाबतीत आपल्यापेक्षा खूप काटेकोर असतात. पुण्यात हत्याकांड म्हटलं की जुन्या लोकांना एकच आठवतं, जोशी-अभ्यंकर. १९७६-७७ सालचं, दहा खून, संध्याकाळी सातनंतर पेठांमधून दारं लागायची असं माझे घरमालक सांगायचे, आणि १९८३ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली. पण ते या अभ्यासकांच्या भाषेत मास मर्डर नव्हेच. ते एकामागून एक, मधे दिवस-महिने सोडून केलेले खून. मधल्या काळात माणूस परत नॉर्मल जगतो, कॉलेजला जातो, चहा पितो. मास मर्डर म्हणजे एकाच घटनेत, एकाच ठिकाणी किंवा एका दमात, चार किंवा जास्त माणसं. हा चारचा आकडा अमेरिकेतला, एफबीआयवाल्यांचा. तिथंही नंतर संसदेनं एका कायद्यात तीन धरले. आपल्या कायद्यात असा वेगळा गुन्हाच नाही, नऊ मारले काय नि एक मारला काय, कलम ३०२ (आताच्या न्याय संहितेत १०३). फरक पडतो तो शिक्षेच्या वेळी, दुर्मिळातली दुर्मिळ केस वगैरे.

आणि दोन्ही प्रकारचे गुन्हेगार स्वभावानं फार वेगळे. मालिका खून करणाऱ्याला पकडलं जायचं नसतं. मास मर्डर करणारा बहुतेक वेळा परत यायच्या तयारीनं निघतच नाही. त्याला त्या दिवसानंतरचा दिवस नको असतो. आत्महत्येचा आणि या प्रकाराचा जो शेजार आहे तो मला आधी माहीत नव्हता, आणि कळल्यावर मामाचं वाक्य जास्तच टोचायला लागलं.

मग तो अचानकपणा. मलाय भाषेत एक शब्द आहे, अमोक. इंग्रजीत तो तसाच गेला. जावा-मलाया भागात माणूस एकाएकी हत्यार घेऊन बाजारात धावत सुटायचा आणि दिसेल त्याला भोसकायचा, स्वतः मारला जाईपर्यंत. गोऱ्या साहेबांनी लिहून ठेवलं की पूर्वेकडचे लोक असेच, उष्ण रक्ताचे, कधी डोकं फिरेल नेम नाही. पण त्याच जुन्या वर्णनांत थोडं पुढं वाचलं तर असतं की अमोक होण्याआधी माणूस कित्येक दिवस एकटा बसून असायचा, खायचा नाही, बोलायचा नाही. मलाय लोक त्याला साकित हाती म्हणायचे. हाती म्हणजे यकृत, त्यांच्याकडं दुःख हृदयात नाही, यकृतात साठतं. काळीज दुखलेला माणूस असं आपण म्हणू. म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांना ते साठणं दिसत होतं आणि त्याला त्यांच्याकडं नाव पण होतं. बाहेरून आलेल्यांना फक्त धावणं दिसलं.

या सगळ्या वाचनात मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवलं ते एका जर्मन मास्तरानं. एर्न्स्ट वाग्नर. ४ सप्टेंबर १९१३ ला स्टुटगार्टजवळच्या डेगरलोखमध्ये त्यानं पहाटे बायकोला आणि चार पोरांना मारलं. मग सामान घेऊन म्युलहाउझेन नावाच्या गावाला गेला, रात्री तिथं आगी लावल्या आणि रस्त्यावर दिसेल त्याच्यावर गोळ्या झाडल्या. तिथं नऊ मेले. घरचे धरून चौदा. आता या गावाशी त्याचा संबंध काय, तर दहा-बारा वर्षांपूर्वी तो तिथं शिक्षक होता. त्या काळात त्याच्या हातून काहीतरी लाजिरवाणं घडलं होतं, त्याच्याच म्हणण्यानुसार जनावरांच्या बाबतीत, आणि त्याची खात्री होती की सगळ्या गावाला ते कळलंय, लोक पारावर बसून त्याच्यावर हसतात, कुजबुजतात. बदली झाली तरी ते हसणं त्याला ऐकू येत राहिलं. किती वर्षं? दहाच्या वर. त्या वर्षांत तो शाळेत जात होता, पोरांना शिकवत होता, नाटकं लिहीत होता, घरी जेवत होता, आणि शांतपणे तयारी करत होता. सरावासाठी रानात जाऊन नेमबाजी करायचा.

रॉबर्ट गाउप नावाच्या मानसोपचारतज्ज्ञानं त्याला तपासलं आणि मग जन्मभर त्याच्यावर लिहीत राहिला. गाउपनं सांगितलं की म्युलहाउझेनमध्ये कुणालाही काहीही माहीत नव्हतं. कुणी हसत नव्हतं. मास्तर बरा माणूस होता एवढंच लोकांना आठवत होतं. एवढं मोठं वैर, आणि समोरच्या पार्टीला पत्ताच नाही! मी हे वाचून रात्री बराच वेळ जागा होतो, कारण माझ्या ऑफिसात एक माणूस आहे ज्याच्याबद्दल माझी २०१५ पासून खात्री आहे की तो माझ्या मागं माझ्या इंग्रजीवर हसतो. मी त्याचा एकेक प्रसंग लक्षात ठेवलाय, तारखेसकट. त्याला बहुधा माझं पूर्ण नावही धड येत नसेल.

कोर्टानं वाग्नरला वेडा ठरवून सोडलं, म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात टाकलं, तिथंच तो १९३८ ला मेला. ते इस्पितळ विनेंडन गावात. त्याच विनेंडनमध्ये २००९ च्या मार्चमध्ये एका सतरा वर्षांच्या मुलानं बापाचं पिस्तूल घेऊन आपल्या जुन्या शाळेत जाऊन गोळीबार केला, शाळेत आणि बाहेर मिळून पंधरा जणांना मारलं. योगायोगच आहे, याच्यातून काही निघत नाही, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पुढं अमेरिकेत यावर मोठा अभ्यास झाला. बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातले जेम्स ॲलन फॉक्स आणि जॅक लेविन हे दोघं १९८० च्या दशकापासून याच्या मागं लागलेले. त्यांचं मुख्य म्हणणं हेच, की माणूस असा फटकन तुटत नाही. साधा खून करणारा बऱ्याचदा विशीतला असतो, भांडण झालं, हाताला आलं ते मारलं. हा मात्र बहुतेक वेळा तिशी-चाळिशीतला पुरुष, कारण एवढं कडू साठायला वर्षं लागतात. वर्षानुवर्षाची निराशा, आणि त्या निराशेचा दोष बाहेर टाकायची सवय. माझं वाटोळं बॉसनं केलं, सासरच्यांनी केलं, गावानं केलं. जवळ कुणी असं नाही की जो म्हणेल, अरे गप बस, असं काही नाहीये. आणि मग एक फटका बसतो, नोकरी जाते किंवा बायको सोडून जाते. अजून एक गोष्ट लागते, हाताशी साधन. तिकडं ते बहुतेक बंदूक असतं. पण मिशिगनमधल्या बाथ गावात १९२७ साली शाळेच्याच कमिटीवरच्या एका माणसानं तळघरात महिनोन्‌महिने सुरुंग पेरून शाळा उडवली, अडतीस पोरं गेली, त्याला बंदूक लागली नाही. गावच्या निवडणुकीत पडला होता, शेतीवर कर्ज होतं, शाळेच्या टॅक्सवर राग. त्याच्या कुंपणावर एक पाटी सापडली: गुन्हेगार घडवले जातात, जन्मत नाहीत. मरतानाही दोष बाहेरच.

हे वाचताना मी मामाला त्या साच्यात बसवून बघायचो. वय पन्नास. निराशा, हो. एकटेपणा, हो. फटका, मामी गेली. साधन, रोज हातात. पण दोष? दोष तो स्वतःलाच द्यायचा. मीच लवकर नेलं नाही, मीच ड्युटीवर होतो. पुस्तकी हिशेबानं असा माणूस स्वतःला संपवतो, दुसऱ्याला नाही. मला हायसं वाटायचं. मग आठवायचं की खंबाटकीच्या वाक्यात तो एकटा नव्हता, मागं पन्नास सीटा होत्या, आणि त्यानं त्यांचा उल्लेखच केला नव्हता. त्या त्याच्या हिशेबातच नव्हत्या. हे जास्त भयंकर की कमी, मला अजून ठरवता येत नाही.

२०१५ च्या मार्चमध्ये जर्मनविंग्जचं विमान को-पायलटनं आल्प्समध्ये आपटलं, तो धरून दीडशे माणसं. कॅप्टन कॉकपिटबाहेर होता आणि दार आतून बंद. को-पायलटच्या घरी डॉक्टरांच्या चिठ्ठ्या सापडल्या, कामावर जायला अनफिट असल्याच्या, फाडून टाकलेल्या. ती बातमी आली त्या रात्री आईनं जेवताना ताट बाजूला सारलं, इतकंच. आम्ही दोघं काही बोललो नाही.

फॉक्स आणि लेविन हेतूंचे जे प्रकार सांगतात त्यात सूड आहे, सत्ता आहे, पैसा आहे, दहशत आहे, ते सगळं समजतं. एक समजायला अवघड जातो, त्याला ते निष्ठा म्हणतात. घरातला कर्ता माणूस आपल्याच माणसांना मारतो आणि मग स्वतः मरतो, आणि त्याच्या डोक्यात तो त्यांना वाचवतोय. माझ्यामागं यांचं कसं होणार, तर सगळ्यांना बरोबरच न्यावं. आपल्याला वाटतं हत्याकांड म्हणजे शाळा, मॉल, अनोळखी माणसं. पण अमेरिकेतसुद्धा सगळ्यात जास्त अशी हत्याकांडं घरात होतात, ती पहिल्या पानावर दोन दिवस राहतात आणि जातात. आपल्याकडं फेब्रुवारी २०१६ मध्ये ठाण्याला, घोडबंदर रोडच्या कासारवडवलीत, एका माणसानं बहिणींना पोराबाळांसकट घरी जेवायला बोलावलं आणि रात्रीतून घरातली चौदा माणसं मारून गळफास घेतला. एक बहीण वाचली. का मारलं? तेव्हा चॅनलवर रोज नवीन कारण यायचं, कर्ज, आजार, अजून काय काय. ज्याला विचारायचं तोच नाही, त्यामुळं सगळीच कारणं बरोबर.

आणि कारण लावायची आपल्याला किती घाई असते याचं म्हैसाळ हे उदाहरण. जून २०२२, सांगली जिल्हा, दोन भावांच्या दोन घरांत मिळून नऊ मृतदेह. पहिल्या दिवशी सगळ्यांनी ठरवून टाकलं, सावकारी, सामूहिक आत्महत्या. मीही व्हॉट्सॲपवर कर्जबाजारीपणावर लांबलचक लिहून मोकळा झालो. आठवडाभरात पोलिसांनी सांगितलं की ही आत्महत्या नाहीच, गुप्तधनाच्या नादाला लावणाऱ्या मांत्रिकानं विष दिल्याचा संशय आहे. माझी ती पोस्ट मी गुपचूप डिलीट केली.

आता मानेच्या केसकडं येतो, कारण माथेफिरू या शब्दाचं कोर्टात काय झालं ते बघण्यासारखं आहे.

बचाव असा की तो मनानं आजारी होता. सोलापूरच्या एका मानसोपचारतज्ज्ञानं साक्ष दिली की आधी त्याच्यावर उपचार केलेत. भारतीय दंडविधानाचं कलम ८४ (आताच्या न्याय संहितेत २२) म्हणतं की कृत्य करताना माणसाला आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हे मनाच्या विकृतीमुळं कळतच नव्हतं, तर तो गुन्हा नाही. ही कसोटी १८४३ सालच्या इंग्लंडमधली. मॅकनॉटन नावाच्या माणसानं पंतप्रधान पील समजून त्याच्या सेक्रेटरीला गोळी घातली होती, त्याला वाटायचं टोरी पक्ष आपल्या मागावर आहे. त्याला सोडल्यावर राणीपासून सगळे खवळले आणि मग न्यायाधीशांनी बसून ही व्याख्या केली. पौणेदोनशे वर्षं झाली, मेंदूबद्दल जग कुठल्या कुठं गेलं, कोर्टातला प्रश्न तोच: कळत होतं की नव्हतं?

सरकारी पक्ष म्हणाला, वेड कसलं, राग आहे. त्यानं रात्रीची ड्युटी बदलून दिवसाची मागितली होती, मिळाली नाही, त्याचा राग काढला. सेशन्स कोर्टानं एप्रिल २०१३ मध्ये फाशी दिली. हायकोर्टानं ती रद्द केली, कारण शिक्षेवर त्याचं म्हणणंच ऐकलं नव्हतं, आणि परत खाली पाठवलं. खालच्या कोर्टानं ऐकून घेतलं आणि डिसेंबरमध्ये परत फाशीच दिली. २०१४ ला हायकोर्टानं कायम केली. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं जन्मठेप केली. वेडेपणाचा बचाव त्यांनीही मानला नाही, पण गळ्याचा दोर काढला.

आमच्या ऑफिसात तेव्हा लोक जाम भडकले होते. नऊ माणसं मारली तरी फाशी नाही? मी काही बोललो नाही पण मला तो निकाल पटला होता, आजही पटतो, आणि जे गेले त्यांच्या घरच्यांसमोर उभं राहून मला हे म्हणता येणार नाही हेही माहितीय. कायद्याकडं दोनच खोके आहेत, शहाणा आणि वेडा. माणूस या दोन्हींच्या मधे कुठंतरी महिनोन्‌महिने जागा असतो, त्याला कळत असतं आणि आवरत नसतं, त्यासाठी खोका नाही. सुप्रीम कोर्टानं निदान शिक्षेच्या पायरीवर तरी ती मधली जागा असते असं धरलं.

पण ड्युटी बदलून मिळाली नाही, हे कारण म्हणून मला कधीच पुरलं नाही. मामाला मी एकदा विचारलं होतं, ड्युटी बदलून न मिळणं किती कॉमन? तो हसला. म्हणाला, "ज्याला कधीच नाही म्हटलं नाही असा ड्रायव्हर दाखव." हजारो माणसांना नाही म्हटलं जातं. ते शिव्या घालतात, तंबाखू मळतात, गाडी काढतात. झोप नाही, बायकोशी भांडण, साहेबाचा राग, मनाचं औषध चालू, हे सगळं एकत्र असलेले सुद्धा कितीतरी. आणि मनाचा आजार असलेला माणूस दुसऱ्यावर हात उचलण्यापेक्षा मार खाण्याचीच शक्यता जास्त, हे तर सगळे डॉक्टर कानीकपाळी ओरडून सांगतात. मागून बघितलं की सगळी रेघ सरळ दिसते. पुढून बघितलं तर गर्दी दिसते नुसती.

ऑस्टिनमधली गोष्ट आहे. टेक्सास विद्यापीठातला विद्यार्थी, चार्ल्स व्हिटमन, मार्च १९६६ मध्ये विद्यापीठाच्याच मानसोपचारतज्ज्ञाकडं गेला आणि सरळ सांगितलं की मनात येतं, टॉवरवर रायफल घेऊन चढावं आणि माणसं टिपावीत. डॉक्टरांनी नोंद केली, परत ये म्हणाले. तो परत गेला नाही. १ ऑगस्टला आई आणि बायकोला मारून तो त्याच टॉवरवर रायफली घेऊन चढला आणि डझनाहून जास्त माणसं मारली. पोस्टमार्टेमला मेंदूत गाठ निघाली, तिचा संबंध होता की नव्हता यावर आजही वाद आहे. लोकांनी डॉक्टरला धारेवर धरलं. तर ते म्हणाले, टॉवरचं काहीतरी बोलणारे विद्यार्थी नेहमीच येतात.

मला त्या डॉक्टरमध्ये माझी आई दिसते. भात वाढणारी. फरक एवढाच की तिचा माणूस टॉवरवर चढला नाही.

या प्रकाराला आता अभ्यासक लीकेज म्हणतात, आतलं पाझरणं. करणाऱ्यांपैकी बरेच जण आधी कुणाला तरी काहीतरी बोललेले असतात. जपानमध्ये सागामिहाराला २०१६ मध्ये अपंगांच्या संस्थेत एकोणीस जणांना मारणाऱ्यानं तर काही महिने आधी संसदेच्या सभापतींच्या घरी पत्र नेऊन दिलं होतं, काय करणार आहे ते लिहून. आणि जिलियन पीटरसन आणि जेम्स डेन्स्ली, ज्यांनी अमेरिकेतल्या १९६६ पासूनच्या अशा गोळीबार करणाऱ्यांची आयुष्यं खणून काढली, ते म्हणतात की जवळपास प्रत्येकाच्या बाबतीत आधीच्या काळात एक पेच दिसतो, वागणं बदललेलं दिसतं, आणि बऱ्याचदा त्या वेळी कुणीतरी एकानं साधं काहीतरी केलं तर माणूस मागं फिरतो. साधं म्हणजे काय, तर बोलणं, बरोबर राहणं, साधन हातातून काढणं.

आईनं यातलं काही वाचलेलं नव्हतं. पण भाऊबीजेनंतर तिनं माझ्या मावसभावाला, तो बारावी नापास होऊन घरीच होता, अभ्यासाचं निमित्त करून मामाकडं राहायला पाठवलं. तो रात्री ओसरीवर मामाशेजारी झोपायचा. अभ्यास शून्य. मामा पहाटे उठला की हाही उठायचा आणि चहा टाकायचा. एवढंच. पुढं मामानं साताऱ्याच्या एका डॉक्टरकडं जायला सुरुवात केली, झोपेची गोळी लागू पडली, वर्षभरात माणूस बराचसा परत आला. आता हे त्या पोरामुळं, की गोळीमुळं, की मुळात काहीच होणार नव्हतं आणि आम्ही उगाच एका दुःखी माणसावर संशय घेतला? जे घडलंच नाही त्याचं कारण कोण शोधणार. घडलेल्या गोष्टींवरच सगळं लिहिलं जातं, माझ्या मोबाइलमधले सगळे लेख अशाच माणसांबद्दल आहेत जे त्या वळणाला वळले नाहीत.

त्या सकाळच्या दुसऱ्याच दिवशी, २६ जानेवारीला, मामाला स्वारगेटची ड्युटी होती. तो सांगतो, गाडी अर्धी रिकामी, आणि पहिल्यांदाच असं झालं की लोक पुढच्या सीट सोडून मागं जाऊन बसले. एक म्हातारी तेवढी दाराजवळच्या सीटवर बसली, तिनं शिरवळपर्यंत त्याच्याकडं टक लावून बघितलं आणि उतरताना म्हणाली, "चांगला दिसतोस रं बाबा." मामाला हे सांगताना अजून हसू येतं.

तो २०१९ ला रिटायर झाला. गेल्या दिवाळीला मी गावी गेलो होतो, अंगणात बसून तो शेंगा फोडत होता, पुढच्या पेरणीचं बी. मी बरोबर बसलो, दोन-तीन पायल्या फोडून झाल्या असतील, आणि माझ्या तोंडून निघून गेलं. म्हटलं, मामा, ते पुण्याचं झालं ना, त्या सकाळी आईला आणि मला वाटलं होतं की... पुढचं मला बोलता येईना.

त्यानं मान वर केली नाही. टरफलं बाजूला सारली.

"ठावं हाय मला," म्हणाला. "तुझी आई ड्युटीवर असताना फोन करती का कधी?"

मग जरा वेळानं,

"लाडू काय आलं नाहीत पण."